कौल, निवाडा आणि कारण

गोमंतकात व तळकोकणात देवाला कौल लावण्याची चाल आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. पुजारी मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या किंवा पाने लावतो, यजमानाचे गाऱ्हाणे मांडले जाते, मंडळी श्वास रोखून उभी राहतात, आणि उजवीकडची पाकळी पडली की देवाची अनुज्ञा मिळाली असे समजून घराकडे वळतात. डावीकडची पडली तर मनातील बेत सोडून देतात. पाकळी का पडली, असे देवाला कोणी विचारीत नाही. विचारावयाचे नसते, ही श्रद्धा आहे. आणि श्रद्धेच्या क्षेत्रात ती शोभते.

परंतु देवापुढे मान तुकविणारा हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी कचेरीत जातो. तेथे त्याला एक ओळीचा कागद मिळतो : ‘आपल्या अर्जाचा विचार करण्यात आला, तो मान्य करता येत नाही.’ हाही एक कौलच म्हणावयाचा. फरक इतकाच की, येथे पाकळी पाडणारा माणूस आहे. माणसाने दिलेल्या निर्णयाचे कारण विचारता येते काय, आणि विचारल्यास ते सांगण्यास अधिकारी बांधलेला आहे काय, हा प्रश्न आज न्यायालयांत नित्य निघतो. तो पाश्चात्य कायद्याबरोबर आपल्याकडे आला, अशी समजूत सुशिक्षितांत बरीच रूढ आहे. प्रस्तुत लेखकास ती बरोबर वाटत नाही. तिचा थोडा तपास करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ महाभारतापासून करू. आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा सर्वश्रुत आहे. ऋषी मौन धारण करून तप करीत असता चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला. मागावर आलेल्या राजपुरुषांना माल सापडला, ऋषी बोलेनात, आणि राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर चढविले. सुळाचे अणकुचीदार टोक शरीरात राहिले म्हणून त्यांना अणीमांडव्य हे नाव पडले. पुढचा भाग आपल्या विषयास अधिक महत्त्वाचा आहे. मांडव्य यमधर्माच्या सभेत गेले आणि त्यांनी विचारले : माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ? यमधर्माने ‘मी धर्म आहे, मला विचारू नकोस’ असे म्हटले नाही. त्याने कारण सांगितले. बालपणी मांडव्यांनी किड्यांच्या शरीरात गवताची काडी टोचली होती, त्याची ही शिक्षा. कारण ऐकल्यावरच मांडव्यांना ते तोलता आले. अजाण वयातील लहान अपराधाला एवढी मोठी शिक्षा अन्यायाची आहे, असे म्हणून त्यांनी धर्मालाच शाप दिला; चौदाव्या वर्षाच्या आतील कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादाही घातली; आणि धर्म विदुराच्या रूपाने दासीपोटी जन्मला.

कथेचा उपयोग आपले शास्त्रकारही करतात, हे विशेष. बृहस्पतीने व्यवहाराचा, म्हणजे दाव्यांच्या निर्णयाचा विचार करताना सांगितले आहे की, केवळ शास्त्रवचनावर हवाला ठेवून निर्णय देऊ नये. युक्तीवाचून केलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते. आणि दाखला दिला आहे तो मांडव्यांचा : युक्तीवाचून विचार झाला म्हणून साधू चोर ठरला. बृहस्पतिस्मृती आज अखंड मिळत नाही. निबंधकारांनी उद्धृत केलेली तिची वचने गोळा करून के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार यांनी तिची पुनर्रचना केली, ती १९४१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. बडोद्यातील आपल्या वाचकांना याचा अभिमान वाटावा. याच बृहस्पतीने जयपत्रात काय असावे हेही सांगून ठेविले आहे. जिंकणाऱ्याला राजाने जे पत्र द्यावयाचे त्यात पूर्वपक्ष, उत्तर, प्रमाण आणि त्यावरून झालेला निश्चय, असे व्यवहारात जे जे घडले ते सर्व लिहावे. म्हणजे ‘अमुक जिंकला’ एवढ्याने जयपत्र होत नाही. हरलेल्याचे म्हणणे काय होते आणि ते कशामुळे टिकले नाही, हे जिंकणाऱ्याच्या कागदातच यावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहाव्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तिच्यातील व्यवहाराध्यायाची मांडणीही भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय या चार पादांवरच उभी आहे. या विषयाचा सविस्तर विचार ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड पाहावा.

स्मृतीत लिहिलेले व्यवहारात किती उतरले, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मराठी दप्तरांत मिळते. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी १६०० ते १८१८ या काळातील महजर, निवाडपत्रे आणि हुकूम तपासून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला; तो १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. हेच गुणे पुढे गोमंतकाच्या पुराभिलेख खात्याचे प्रमुख झाले. या निवाडपत्रांचा घाट एकदा ध्यानात आला म्हणजे वाचकाला गंमत वाटते, आणि थोडे आश्चर्यही.

तंटा बहुधा वतनाचा असे : पाटीलकीचा, कुळकर्णाचा, जोशीपणाचा, गुरवकीचा, देवळातील पाळीचा किंवा मानपानाचा. प्रथम दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आज हा शब्द नोकरी सोडण्यापुरता उरला आहे. त्या काळी त्याचा अर्थ ‘सभा जो निवाडा करील त्यास मी राजी आहे’ असे लेखी वचन. त्यासोबत जामीन. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे हकीकत, त्याच्याच शब्दांत उतरून घेतली जाई. आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ, दुष्काळात परागंदा झालेले आजे, हरवलेली सनद, शेजारच्या गावाने बळकावलेले शेत अशी लांबच लांब असे. सभेने विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरे, दाखविलेले कागद, कागदावरील शिक्का खरा की बनावट याची तपासणी, साक्षीदारांच्या जबान्या, भोगवटा कोणाचा, हे सारे क्रमाने येई. स्थानिक वजनाचा धोका वाटल्यास पक्षकार परस्थळ मागे, म्हणजे मनसुबी दुसऱ्या गावच्या सभेकडे नेण्याची विनंती करी. शेवटी सारांश, आणि सारांशातून निघणारा निवाडा. महजरावर हजर असलेल्या मंडळींच्या निशाण्या : पाटलाचा नांगर, कोणाची कट्यार, बलुतेदारांपैकी कोणाचे आपल्या धंद्याचे हत्यार. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीही निर्णयाची जबाबदारी अशी उघड घेतलेली होती.

जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. आणि मग येई तो या पद्धतीतील सर्वांत विलक्षण कागद : येजितखत. हरलेल्याने स्वतः लिहून द्यावयाचे की, माझे म्हणणे अमुक कारणाने खोटे ठरले, आता या वतनाशी मला अर्थाअर्थी संबंध नाही. यात सक्तीचा अंश होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. हरलेला मनुष्य असा कागद आनंदाने थोडाच लिहील! परंतु त्यामागची समजूत पाहण्यासारखी आहे. हरणाऱ्याला कारण नुसते ऐकविले म्हणून काम भागत नसे. ते त्याच्या हातून लिहवून घेता येईल इतके स्पष्ट असावे लागे. ‘विचार केला, मान्य करता येत नाही’ या वाक्यावरून कोणी येजितखत लिहू शकणार नाही.

रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे, ते नारायणरावाच्या वधाबद्दल १७७३ साली राघोबादादांना त्यांनी सांगितलेल्या देहान्त प्रायश्चित्तामुळे. ती गोष्ट थोर आहेच. पण १७८९ साली ते वारले तोवरचे त्यांचे बहुतेक आयुष्य असल्या नाट्यमय प्रसंगांत नव्हे, तर तकरिरी वाचण्यात, जुने कागद ताडून पाहण्यात आणि निवाडे सिद्ध करण्यात गेले. न्यायाधीशाचे धैर्य आपल्याला दिसते. त्याचे लेखन दिसत नाही. वास्तविक दुसऱ्यावाचून पहिले फारसे उपयोगी पडत नाही.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेथे कागद आणि साक्षी संपत, किंवा दोहींकडची प्रमाणे तुल्यबळ ठरत, तेथे दिव्य येई. उकळत्या तेलातून रवा काढणे, तापलेले लोखंड हाती घेणे, नदीच्या संगमावर क्रिया करणे, देवळात शपथ घेणे. गावाच्या शिवेचा वाद असेल तर शीव चालून दाखविण्याची जोखीम अनेकदा महाराच्या माथी असे. दिव्य म्हणजे कारणांचा शेवट. माणसांच्या सभेने हात टेकून पुन्हा कौलाकडे वळणे. शिवाय सभेत कोण बसणार, कोणाच्या शब्दाला किती वजन, हे जातीने ठरलेले होते. कारण लिहिले जाई, पण ते तोलण्याची संधी सर्वांना सारखी नव्हती. जुन्या काळाचे गुणगान करताना हे विसरण्याची आपल्या लेखकांना खोड आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. ज्याने जास्त रक्कम बोलली तो मामलतदार. त्याला न्यायापेक्षा वसुलीची घाई. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीच्या पद्धतीचे दोष, दिरंगाई, लाचलुचपत, निवाड्याची अंमलबजावणी न होणे, हे सारे आले आहे. तरीही तिचे गुण त्याने मान्य केले आणि ती एकदम मोडू नये असे त्याचे मत होते. पुढे ती मोडलीच.

इंग्रजी अमलात एक चमत्कारिक विभागणी झाली. दिवाणी न्यायाधीशाने वादाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि निर्णयाची कारणे लिहिलीच पाहिजेत, असा कायदा झाला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील तो नियम अजूनही चालू आहे. पण हुकूम सोडणारी कचेरी या नियमाबाहेर राहिली. दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आजच्या बेळगाव-धारवाड भागात, इनामांच्या चौकशीने जो हाहाकार उडाला त्याच्या आठवणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. शाश्वत स्वरूपाविषयी शंका नाही अशा देवस्थानांची इनामे पुढे चालविण्याची तरतूद त्यात होती, हे खरे. परंतु इनाम खरे की खोटे हे ठरविणार सरकारी अधिकारी, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागावयाची तीही सरकारकडेच. न्यायालयात कारण आणि कचेरीत हुकूम, अशी मनाची सवय सुमारे शंभर वर्षांत पक्की झाली. इंग्लंडातही याहून निराळे नव्हते. तेथे न्यायमंडळांनी मागणी झाल्यास कारणे द्यावीत असा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. त्याच वर्षी आपल्याकडे मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात प्रशासकीय निर्णयांसोबत कारणे असावीत अशी शिफारस केली.

स्वतंत्र भारतात ही सवय मोडण्यास आरंभ झाला तो एका सिनेमागृहावरून. मुंबईनजीक अंधेरीस गोरधनदास भानजी यांना सिनेमागृह बांधावयाचे होते. पोलिस आयुक्तांनी सल्लागार समितीच्या मतावरून आधी परवानगी नाकारली. समितीचे मत पुढे बदलले आणि १९४७ च्या जुलैमध्ये परवानगी मिळाली. दोन महिन्यांनी पत्र आले की, सरकारच्या आज्ञेवरून आपणांस कळविण्यात येते, सदर परवानगी रद्द करण्यात आली आहे. कारण नाही. प्रकरण न्यायालयात गेल्यावर मात्र खुलासा निघाला : कायद्याने रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा, आणि त्यांनीच आपल्या विचाराने तो वापरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या नोव्हेंबरात हा खुलासा अमान्य केला. सार्वजनिक अधिकाराने काढलेला हुकूम त्यातील शब्दांवरूनच वाचला पाहिजे. काढणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते हे त्याने मागाहून सांगून चालणार नाही, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. पत्रात ‘सरकारच्या आज्ञेवरून’ असे आहे. मग हुकूम सरकारचा, आणि सरकारला तो अधिकार नव्हता. १९७७ च्या अखेरीस मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूकविषयक खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच धागा पुढे नेला : हुकूम टिकावयाचा तर त्यात लिहिलेल्या कारणांवर टिकेल, न्यायालयात प्रतिज्ञापत्र करून त्याला नवी कारणे जोडता येणार नाहीत. ज्याने बनावट कागदाचा शिक्का ओळखण्यात हयात घालविली अशा जुन्या सभासदाला हा नियम समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

मधल्या काळात कारण लिहिण्याचे कर्तव्यच आहे काय, हा मुख्य प्रश्न पायरीपायरीने सुटत होता. १९६१ साली हरीनगर साखर कारखान्याच्या खटल्यात केंद्र सरकारने कारण न देता फिरविलेला निर्णय न्यायालयाने रद्द केला. १९६५ साली मध्य प्रदेश इंडस्ट्रीजच्या खाणपट्ट्याच्या प्रकरणात न्यायमूर्तींतच मतभेद पडला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत असे की, कारण लिहावे लागले म्हणजे अधिकाराच्या दुरुपयोगास आळा बसतो. उलट खालच्या अधिकाऱ्याचाच निर्णय कायम करावयाचा तर पुन्हा कारणे कशाला, असे दुसरे मत. दोन वर्षांनी, १९६७ साली, भगत राजा यांच्या खटल्यात, तोही आंध्रातील खाणपट्ट्याचा, पहिल्या मताचा जय झाला. खाणींचे अर्ज आणि त्यांवरील हुकूम यांचा अनुभव असलेल्या गोव्यातील वाचकांना हे वाद परके वाटू नयेत. १९७६ साली सीमेन्स कंपनीच्या जकातीच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी कारण देणे हे, दुसऱ्याची बाजू ऐकण्याप्रमाणेच, नैसर्गिक न्यायाचे मूलतत्त्व असल्याचे सांगितले. आणि १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एस. एन. मुखर्जी या सैन्याधिकाऱ्याच्या खटल्यात सर्व जुन्या निर्णयांचा परामर्श घेऊन नियम घालून दिला : न्यायिक किंवा अर्धन्यायिक स्वरूपाचा अधिकार चालविणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने कारणे नोंदविलीच पाहिजेत, कायद्यानेच उघड किंवा गर्भित सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेला मान्यता देण्याच्या कामी अशी सूट आहे असे ठरले, आणि म्हणून ज्याच्या नावाने हा नियम सर्वत्र उद्धृत होतो तो मुखर्जी स्वतः खटला हरला. पण का हरला हे त्याला पानोपानी वाचावयास मिळाले.

माहितीच्या अधिकाराचा कायदा करण्यात गोवा राज्य देशात आघाडीवर होते. तेथील कायदा १९९७ चा. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमात तर स्पष्टच म्हटले आहे की, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. येथे न्यायिक आणि प्रशासकीय हा भेदही उरला नाही. तरी एक पळवाट राहतेच, आणि ती २०१० साली क्रांती असोसिएट्सच्या खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी नेमकी हेरली आहे. कारणांचा नुसता आभास, म्हणजे रबरी शिक्क्यासारखी तीच ती वाक्ये, हे कारण नव्हे. सर्व कागदपत्रे पाहिली, सर्व बाबींचा साकल्याने विचार केला, अर्जात तथ्य आढळत नाही. असा मजकूर कोणत्याही अर्जाखाली चिकटविता येतो, म्हणूनच तो कोणत्याच अर्जाचे उत्तर होत नाही.

मामलतदार हा पेशवाईतील शब्द महाराष्ट्रात तहसीलदाराने बाजूस सारला, परंतु गोव्यात तो अधिकारपद म्हणून अजून जिवंत आहे. देवस्थानांविषयीच्या १९३३ च्या पोर्तुगीज कायद्यान्वये देवस्थानांचा प्रशासक म्हणून काम पाहतो तोही मामलतदारच. महाजनांच्या यादीत एखाद्याचे नाव असावे की नसावे, समितीची निवड रीतसर झाली की नाही, पाळी कोणाची, असे वाद त्याच्यापुढे येतात; दोनशे वर्षांपूर्वी त्याच नावाच्या अधिकाऱ्यापुढे येत होते तसलेच. तेव्हाचे बरेच कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतला एखादा सोडून वाचू लागले की, ज्या गुरवाची पाळी गेली त्याची तकरीर पहिल्या पानावर सापडते. तो काय म्हणत होता, कोणता कागद त्याला दाखविता आला नाही, कोणत्या साक्षीदाराने त्याच्याविरुद्ध जबानी दिली, हे पुढील पानांवर. सभेने त्याच्यावर अन्याय केला असे आज आपणांस वाटू शकते, आणि तसे का वाटते हे त्याच कागदावर बोट ठेवून दाखविता येते.